टिचक्याचं बारसं

करुणा पाईकराव कळमनुरीच्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होती. राहायला डोंगरकडा गावात, वडील शेषराव यांच्यासोबत. आई मालनबाई जाऊन चार वर्षं झाली होती. करुणानं लग्न केलं नव्हतं, आणि त्याचं ओझं आता तिलाही वाटत नव्हतं आणि शेषरावांनाही. सकाळी दोघं मिळून स्वयंपाक उरकत. ती कॉलेजला जाई, शेषराव केळीच्या बागांकडून एक चक्कर मारून येत आणि संध्याकाळी चहावर दोघांचं बोलणं होई. असं सुरळीत चाललेलं आयुष्य. त्यात एक बेडूक आला.

भादव्याचे दिवस होते. गवतांची नोंद करायला ती तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन हत्तीपाठावर गेली होती. हत्तीपाठ म्हणजे तिकडचा सगळ्यात उंच डोंगर. सह्याद्रीतल्या माणसानं त्याला टेकाड म्हटलं असतं, पण मराठवाड्याच्या मानानं उंचच. वर चढून गेलं की कोसभर सपाट माळ. काळ्या खडकावर वीतभर माती, त्यात गुडघ्याएवढी मारवेल आणि पवना ही गवतं. खडकाच्या खोलगट जागांमध्ये भादव्यात पाणी साचून राहतं आणि भर दुपारीसुद्धा ढग गवताला टेकतात. झाड एकही नाही.

मुलं गवत मोजत होती आणि करुणा एका दगडावर बसली होती. तेवढ्यात तिला आवाज आला. दोन बोटांनी टिचकी वाजवावी तसा. टिच. थांबून पुन्हा टिच-टिच. तिला वाटलं कीडा असेल. ती उठून आवाजाच्या मागं गेली, तसा तो थांबला. ती मागं फिरली, तसा पुन्हा सुरू झाला. अर्धा तास ती गवतात ओणवी होऊन फिरली, साडी घोट्यापर्यंत चिखलानं भरली, पण काही दिसेना.

"काय हुडकून राहिली बाई?"

एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. मागं तिच्या शेळ्या. डोंगराच्या पायथ्याला तांडा होता, तिथली भिकाबाई राठोड.

"कसला तरी कीडा आहे मावशी, आवाज येतोय त्याचा."

"कीडा न्हाई त्यो. टिचक्या हाय." म्हातारीनं काठी खाली ठेवली. "आवाज येतो तितं बघू नको. त्यो आवाज फुडं फेकतो. चार बोटं मागं बघावं लागतंय."

ती खाली बसली, गवताच्या एका बुंध्यामागं दोन्ही हातांची ओंजळ टेकवली आणि उचलून करुणापुढं धरली. ओंजळीत अंगठ्याच्या पेराएवढा एक बेडूक होता. ओल्या मातीच्या रंगाचा. नाकापासून पाठीच्या टोकापर्यंत दोरा टाकल्यासारखी एक फिकट रेघ, आणि मांडीची आतली बाजू हळद लागल्यासारखी पिवळी. करुणानं मोबाइलवर त्याचा आवाज घेतला, फोटो काढले आणि म्हातारीनं त्याला होता तिथंच सोडून दिलं.

घरी आल्यावर तिनं पुस्तकं काढली. दोन रात्री ती पानं उलटत राहिली, पण बेडूक कुठल्याच चित्रात बसेना. मग तिनं ऐश्वर्याला फोन लावला. ऐश्वर्या पुण्यात बेडकांवर काम करत होती. एका कार्यशाळेत दोघींची ओळख झाली होती. वयानं करुणापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण या विषयातली जाणकार. तिनं आवाज ऐकला, पुन्हा पाठवायला सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला.

"मॅडम, हा आवाज मी कधीच ऐकलेला नाही. घाई करू नका, कुणाला बोलू नका. पण मला वाटतं, याला अजून नाव नाही."

त्यानंतरचे दोन पावसाळे करुणा सुट्टीच्या दिवशी हत्तीपाठावर असायची. तिला स्कूटर चालवता येत नव्हती, म्हणून शेषराव तिला घेऊन जायचे. शेषरावांची नोकरी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी म्हणून गेलेली. कालव्याची दारं उघडायची, शेताशेतात पाणी सोडायचं, आणि पाण्याच्या आवाजावरून कुठं फुटलंय, कुठं तुंबलंय ते ओळखायचं. कान तयार झालेला. पहिल्याच दिवशी त्यांनी टिचक्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "ह्याच्यात दोन जातीच्या हाका हायत माय. एक लांबच्यासाठी, एक जवळच्यासाठी." करुणानं ते लिहून घेतलं. पुढं आवाजाचा आलेख काढल्यावर ते बरोबर निघालं.

शेषराव खडकावर छत्री उघडून बसत. भिकाबाई शेळ्या सोडून त्यांच्याजवळ येऊन बसे. दोघं धरणाच्या आधीच्या गोष्टी काढत आणि खाली करुणा गवतात बसून बेडूक पकडी, मोजपट्टीनं नाकापासून बुडापर्यंत माप घेई, कानाचा पडदा मोजी, पायाच्या बोटांमधला पडदा पाही, तोंडातून कापसाच्या बोळ्यानं थोडी लाळ घेई आणि सोडून देई. लाळेच्या नळ्या पुण्याला जात. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी ऐश्वर्याचा निरोप आला. डीएनए जवळच्या कुठल्याच बेडकाशी जुळत नव्हता. जात नवी होती.

त्या संध्याकाळी करुणानं शेवयांची खीर केली. शेषरावांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि विचारलं, "आता झालं म्हन की काम?"

"झालंच," करुणा म्हणाली.

पण झालं नव्हतं. ऐश्वर्यानं त्याच फोनवर पुढचं सांगितलं होतं. नव्या जातीचं वर्णन करायचं तर नमुना लागतो. मारून, औषधात ठेवून, संग्रहालयात जमा केलेला. उद्या कुणी तसाच बेडूक घेऊन आला तर तो हाच की दुसरा, हे ताडून बघायला हातात धरता येईल असं काहीतरी हवं.

"फोटो आहेत, आवाज आहे, मापं आहेत," करुणा म्हणाली होती. "तेवढ्यावर नाही भागणार?"

"काही लोक फोटोवर करतात. पण मॅडम, फोटोत तोंडातले दात दिसत नाहीत, हाडं दिसत नाहीत. नंतर भांडणं होतात, नावं रद्द होतात. आणि नाव नसलं, तर तुमचा तो माळ कुणाच्याही लेखी नुसता पडीक माळ. मला समजतंय तुम्हाला काय होतंय. चार मिळाले तर बरं, पण तीन तरी लागतील."

करुणानं बीएस्सीत बेडूक कापले होते. तेव्हा कापायचेच असत. पण पुढं ती स्वतः शिकवायला लागली आणि बेडूक कापणं बंद झालं, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. आणि घरी शेषराव होते. रोज सकाळी आंघोळ झाली की बुद्धाच्या तसबिरीपुढं उभं राहून ते पंचशील म्हणत, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. शेषरावांनी ते फक्त म्हणण्यापुरतं ठेवलं नव्हतं. तरुणपणी त्यांना मासे धरायचा नाद होता. धरणावर नोकरी, माशांना काय तोटा. करुणा सहा वर्षांची असताना त्यांनी एकदा बादलीत जिवंत मरळ आणली. लेकरू दिवसभर बादलीपाशी बसून राहिलं. संध्याकाळी मालनबाईंनी विळी काढली तशी करुणा रडली नाही, ओरडली नाही, नुसती बादलीला मिठी मारून बसली. शेषरावांनी अंधार पडायच्या आत मरळ परत धरणात सोडली आणि त्यानंतर घरात मासा आणला नाही. मालनबाई कधी कधी चिडायच्या. ते म्हणायचे, "लेकरानं शिकवलं तेवढं तरी पाळू दे."

आता त्याच लेकराला जीव घ्यायचा होता.

वनखात्याचं परवानगीचं पत्र आषाढात आलं. करुणानं ते फाइलमध्ये ठेवून दिलं. श्रावण गेला. ऐश्वर्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. अखेर भादव्यातल्या एका शनिवारी करुणानं कॉलेजातून पिशवीत घालून औषधाच्या बाटल्या आणल्या, डब्यात भरल्या आणि रविवारी सकाळी शेषरावांना म्हणाली, "बाबा, आज तीन बेडूक पुण्याला न्यायचेत. तिथं काचेच्या पेटीत ठेवतात, निगा राखतात."

शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

त्या दिवशी हत्तीपाठावर ढग इतका खाली होता की भिकाबाईच्या शेळ्या नुसत्या घंटांवरून कळत होत्या. टिचके मनमोकळे ओरडत होते. करुणानं चार बेडूक पकडले आणि ओल्या गवताच्या डब्यात ठेवले. मग ती दोघांपासून थोडी लांब, खडकाच्या आड जाऊन बसली. वाडग्यात पाणी घेतलं, त्यात भुलीचं औषध घातलं. डबा उघडायला हात पुढं केला आणि तो तिथंच राहिला. किती वेळ ते तिला कळलं नाही. मागं पाऊल वाजलं तेव्हा ती दचकली.

शेषराव छत्री मिटून तिच्याजवळ खाली बसले. गुडघे दुखत होते, तरी मांडी घालून बसले.

"बाबा, तुम्ही तिकडं बसा ना."

"काहून?"

तिनं डबा पदराआड ओढला.

"फॉर्मॅलिनचा वास मला कळत न्हाई व्हय? तुझ्या बीएस्सीच्या टायमाला आक्खं घर त्या वासानं भरलं व्हतं. काल तू पिशवी आणली तवाच कळलं मला."

करुणाचे डोळे भरून आले. "मग काल का नाही बोललात?"

"तू सांगशील म्हणून वाट बघून राहिलो व्हतो." त्यांनी वाडग्याकडे पाहिलं. "तकलीफ हुती का त्येला?"

"नाही. यात ठेवलं की झोप लागते. झोपेतच जातो."

"आन ह्याच्याबिगर न्हाईच होत?"

"नाही होत बाबा. मी वर्षभर दुसरा रस्ता शोधला. नाही सापडला."

शेषरावांनी मिटलेली छत्री पुन्हा उघडली. तिकडून भिकाबाईही काठी टेकत आली होती. ती काही न विचारता खाली बसली, तिनं डब्यात डोकावून पाहिलं आणि एका बेडकाला अलगद बोटानं बाजूला केलं.

"ही नको घेऊ. मादी हाय. प्वाट बघ तिचं, अंडी हायत."

करुणानं पाहिलं. खरंच, फुगलेलं पोट कातडीतून पांढुरकं दिसत होतं. ऐश्वर्यानं एक मादी मागितली होती. करुणानं ती उचलली आणि गवतात सोडली.

"आमी बोकड इकतो ना बाई," भिकाबाई म्हणाली, "तवा नेनाऱ्याच्या हातात दोर द्यायच्या आधी त्येला पाणी पाजतो, अंगावरून हात फिरवतो. त्येला कळतं का, मला ठावं न्हाई. आपल्याला कळतं."

मग तिघांनी मिळून ते काम केलं. करुणानं एकेक बेडूक ओंजळीत घेऊन वाडग्यात सोडला. शेषरावांनी वाडग्यावर छत्री धरली, थेंब पडून तो बिचकू नये म्हणून. पहिला बेडूक थोडा पोहला, कडेला टेकला आणि त्याच्या गळ्याची हालचाल हळूहळू कमी होत थांबली. माळावर बाकीचे ओरडतच होते.

तिन्ही शांत झाल्यावर करुणानं दोऱ्यानं प्रत्येकाच्या पायाला कागदाची छोटी चिठ्ठी बांधली. त्यावर पेन्सिलनं लिहायचं असतं. नमुन्याचा नंबर, जागा, उंची, तारीख, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. ती लिहीत होती तेव्हा शेषराव वाकून बघत होते.

"हे काय लिवलं?"

"नाव. कुणी धरला त्याचं."

"माझं बी लिही."

"बाबा, ते—"

"लिही माय. एकटीच्या नावावर काहून ठेवती? छत्री मीच धरली व्हती ना."

तिनं लिहिलं. क. पाईकराव, शे. पाईकराव. इवल्याशा चिठ्ठीवर दोन नावं मावेनात म्हणून अक्षरं बारीक करावी लागली. पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. उतरताना शेषरावांनी डबा स्वतःकडे घेतला आणि स्कूटरवर बसल्यावर तो दोन्ही पायांच्या मध्ये फळीवर नीट ठेवला. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "पेटीत ठेवतात म्हनली व्हतीस. ते खोटंच ना?"

"बरणीत ठेवतात."

"बरनी तर बरनी. जपत्यात ना?"

"शंभर-दीडशे वर्षं जपतात बाबा."

"मंग आपल्यापरीस जास्त झालं की."

पुढच्या आठवड्यात करुणा वारंगा फाट्यावरून पुण्याच्या बसमध्ये बसली. बरणी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, लोणचं का, तर ती हो म्हणाली.

हिवाळाभर वर्णन लिहिणं चाललं. हे काम करुणाला वाटलं होतं त्यापेक्षा फार हळू होतं. बोट किती लांब, डोळ्यापासून नाकपुडी किती दूर, मांडीचा पिवळा रंग नेमका कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो. ऐश्वर्या इंग्रजी वाक्यं पाठवायची, करुणा त्यातलं काहीतरी खोडायची. मेल्यावर औषधात रंग उतरला होता, म्हणून जिवंतपणीचे रंग वेगळे लिहायचे होते, आणि ते करुणाशिवाय कुणी नीट पाहिलेले नव्हते. संध्याकाळी ती शेषरावांना लिहिलेलं मराठीत सांगे. पाठीचा रंग तिनं आधी 'तपकिरी' लिहिला होता. शेषराव म्हणाले, "तपकिरी काहून? पाट सोडल्यावर पयल्या दिवशीच्या ढेकळाचा रंग हाय तो." इंग्रजीत ते कसं बसवायचं यावर ऐश्वर्या आणि ती फोनवर तासभर बोलत होत्या. शेवटी 'ओल्या काळ्या मातीसारखा, लालसर झाक असलेला' असं राहिलं. मादीचा नमुना नाही म्हणून नियतकालिकाच्या तपासणाऱ्यानं पुढं हरकत घेतली. करुणानं जिवंत माद्यांची मापं पाठवली आणि लिहिलं की त्या वेळी मादीच्या पोटात अंडी होती, म्हणून घेतली नाही. ते मान्य झालं.

नाव ठेवायचं राहिलं होतं. ऐश्वर्या म्हणाली, तुम्ही ठरवा. करुणाच्या मनात पहिल्या दिवसापासून एकच होतं. माघात, तुरी निघाल्यावर, ती आणि शेषराव तांड्यावर गेले. भिकाबाई अंगणात तुरीच्या काड्या झोडपत बसली होती. तिनं दोघांना बाज दिली, पाणी दिलं. करुणानं सांगितलं की मावशी, त्याला तुमचं नाव द्यायचंय.

भिकाबाईचा हात थांबला. "नको बाई. दुसरं कोनचं बी दे. माझं नाव चांगलं न्हाई."

"का हो?"

"आता काय सांगू." तिनं तुरीच्या काड्या बाजूला सारल्या. "माझ्या आधीची चार लेकरं गेली. येकामागं येक. मी झाले तवा याडीनं, म्हंजे माझ्या आयीनं, मला सुपात ठिवलं आन तांडाभर फिरून घरोघर मूठमूठ दाणं मागितलं. माझ्यासाठी भीक मागितली. म्हणून भिका. चांगलं नाव ठिवलं तर नजर पडंल, देव उचलंल. भिकारनीला कोन उचलतंय?" ती हसली. "मोठी झाल्यावर लाज वाटायची. साळंत तर गेलेच न्हाई, पर लग्नात हार घालताना सासरचे हसले व्हते."

शेषराव म्हणाले, "पन जगलीस ना तू?"

"जगले की. सत्तर-बहात्तर झाली असतील."

"मंग?"

भिकाबाईनं डोंगराकडे पाहिलं. माघात हत्तीपाठ वाळून सोनेरी झाला होता, वर कुठंच ओल नव्हती. टिचके त्या दिवसांत कुठं जातात ते अजून करुणालाही माहीत नव्हतं.

"तितं वर आता खड्डे खांदणार म्हनं," भिकाबाई म्हणाली. "झाडं लावाया. पोरं बोलत व्हती. गवत म्हंजे रिकामी जागा वाटती लोकायला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दे मग. माझंच नाव दे त्येला. जगंल."

वर्णनाचा लेख आषाढात नियतकालिकात छापून आला. करुणानं त्याची एक प्रत पत्रासोबत वनखात्याच्या कचेरीत नेऊन दिली. साहेब तरुण होते, त्यांनी उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली आणि मग खाली बसून वाचली. खड्ड्यांचं काम पावसाळाभर थांबवतो, पुढचं वर विचारून सांगतो, असं म्हणाले. त्यापुढं काय होईल ते करुणाला सांगता आलं नसतं. एका छोट्या पेपरात बातमी आली. बातमी बरोबर होती, पण फोटो भलत्याच बेडकाचा होता, चांगला नारळाएवढा. शेषरावांनी तरी ती कापून वहीत चिकटवली आणि फोटोवर शाईनं बारीक फुली मारली.

भादव्यात ती दोघं वर गेली. भिकाबाई नेहमीच्या खडकावर होती. करुणानं लेखाचं पहिलं पान तिच्या मांडीवर ठेवलं. त्यावर टिचक्याचा खराखुरा रंगीत फोटो होता आणि वर तिरक्या अक्षरांत नाव.

"ह्ये माझं नाव?"

"हो. पहिला शब्द कुळीचा, आडनावासारखा. दुसरा तुमचा. भिकाबाईए."

"शेवटाला ए काहून लावला?"

"बाईमाणसाचं नाव दिलं की तसं लावायची रीत आहे, मावशी."

भिकाबाईनं ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सगळ्या एकदम हलल्या.

"भिकाबाई, ए," ती म्हणाली. "म्हंजे हाकच मारल्यावानी झालं. जगात कुटं बी कोनी त्येचं नाव घेतलं की मलाच हाक. आता मी ओ देत बसू का दिसभर?"

"द्यायची की," शेषराव म्हणाले.

"इतक्या लांबून आयकू येईल व्हय?"

"मी आयकून सांगन तुला. माझा कान चांगला हाय अजून."

भिकाबाई हसत हसत उठली. शेळ्या पलीकडच्या उतारावर गेल्या होत्या. तिनं कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली आणि काठी घेऊन त्यांच्या मागं ढगात शिरली.